सोलापूरहून मरीन ड्राईव्ह: समुद्रासमोरच्या जुन्या बिल्डिंगी पायी कशा बघायच्या

आपण सोलापूरचे लोक मुंबईला कशाला जातो, तर मंत्रालयातलं काम, हॉस्पिटल, कुणाचं तरी लग्न, नाहीतर परदेशी निघालेल्याला एअरपोर्टवर सोडायला. काम झालं की संध्याकाळी मरीन ड्राईव्हच्या कट्ट्यावर समुद्राकडं तोंड करून बसायचं, चार फोटो काढायचे आणि रात्रीची गाडी पकडायची. मी पण कितीतरी वर्षं तेच केलं. पाठ कायम बिल्डिंगींकडं.

मी इथं सोलापुरात एका इंजिनिअरकडं ड्राफ्टिंगचं काम करते, म्हणजे दिवसभर छज्जा, बाल्कनी, जिना, खिडकी हेच काढत असते. एकदा कट्ट्यावर बसल्या बसल्या सहज मागं वळून बघितलं आणि अर्धा तास तशीच बघत राहिले, कारण मी कागदावर रोज जे काढते ते सगळं तिथं समोर होतं, पण कुणीतरी जीव लावून काढलेलं. गोल वळणाऱ्या बाल्कन्या, खिडकीच्या डोक्यावरून पार कोपऱ्यापर्यंत सलग धावणारा छज्जा, जिन्याच्या जागी खालून वरपर्यंत उभा काचेचा पट्टा. तेव्हापासून दर हिवाळ्यात घरातलं, ओळखीतलं कुणी ना कुणी घेऊन तिकडं पायी फिरते, आत्या, भाचा, ऑफिसातल्या पोरी, सगळे येऊन गेलेत. पहिल्यांदा जाणाऱ्याला काय काय लागतंय ते खाली क्रमानं लिहितेय.

गाडी आधी ठरवा, कारण सगळं उन्हावर आहे

ही वॉक दोन भागांत करायची. चर्चगेटजवळच्या ओव्हल मैदानासमोरची बिल्डिंगींची रांग पूर्वेकडं तोंड करून उभी आहे, तिच्यावर सकाळचं ऊन पडतं. मरीन ड्राईव्हची रांग पश्चिमेकडं तोंड करून समुद्राला सामोरी आहे, तिच्यावर संध्याकाळचं ऊन पडतं. म्हणून सकाळी ओव्हल, संध्याकाळी मरीन ड्राईव्ह. उलटं केलंत तर दोन्हीकडं बिल्डिंगी काळपट सावलीत दिसणार, छज्जाची सावली भिंतीवर पडलेली दिसणार नाही, आणि या बिल्डिंगींची अर्धी मजा त्या सावलीतच आहे.

यासाठी सिद्धेश्वर एक्सप्रेस एकदम बरोबर पडते. रात्री जेवून बसायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, दिवसभर फिरून रात्री तीच गाडी परत पकडायची, लॉजचा खर्च नाही. परतीचं रिझर्वेशन मात्र जातानाच करून ठेवा, शनिवार-रविवारला तर नक्कीच. वंदे भारतनं गेलात तर दुपारी पोचता, मग सकाळचा भाग हुकतो, त्या दिवशी फक्त मरीन ड्राईव्ह करा आणि ओव्हल दुसऱ्या दिवशी सकाळी. टायमिंग बदलत असतंय, तिकीट काढताना बघून घ्या.

महिना म्हणाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी. सोलापूरचं ऊन सोसणाऱ्याला मुंबईचं ऊन काय, असं वाटतं, पण तिथला घाम वेगळा असतोय, मी एकदा मे महिन्यात दुपारी आत्याला घेऊन गेले आणि चर्चगेटला पोचेपर्यंत तिला चक्कर यायला लागली, बाकीचा दिवस स्टेशनच्या बाकड्यावर गेला. पावसाळ्यात भरतीच्या वेळी मरीन ड्राईव्हला लाटा कट्ट्यावरून रस्त्यावर येतात, तो देखावा बघायला लोक मुद्दाम जातात, पण बिल्डिंगी बघायच्या असतील तर तो सीझन नाही.

सोबत काय घ्यायचं: पायात रुळलेली चप्पल किंवा बूट, नवीन कोल्हापुरी अजिबात नको. पाण्याची बाटली, टोपी, आणि कडक भाकरी-शेंगाचटणी, कारण त्या भागात सकाळी साडेसातला पोटभर खायला शोधत बसण्यापेक्षा डबा बरा. मोठी बॅग असेल तर सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये ठेवता येते, बॅगेला कुलूप लागतंय आणि तिकीट दाखवावं लागतंय, तेव्हा कुलूप घरूनच न्या. लहान दुर्बीण असली तर न्या, नसली तर मोबाईलचा झूम चालतो.

आधी डोळ्याला थोडी सवय

या स्टाईलला आर्ट डेको म्हणतात. 1925 ला पॅरिसमध्ये सजावटीच्या कलांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, नाव त्यावरून आलं, पण ते रूढ झालं खूप नंतर, 1960 च्या दशकात. ज्यांनी या बिल्डिंगी बांधल्या ते लोक याला आर्ट डेको म्हणतच नव्हते, त्यांच्यासाठी ती फक्त नवीन पद्धत होती.

नवीन कशामुळं, तर आरसीसी मुळं, म्हणजे आत सळई घातलेल्या काँक्रीटमुळं. त्याआधी जाड दगडी भिंती, भिंतीवरच सगळा भार, त्यामुळं खिडक्या उंच आणि अरुंद, वर कमान. सळई आणि सिमेंट आल्यावर भार गेला कॉलमवर, भिंत मोकळी झाली. मग खिडकी कोपऱ्यात पण काढता येते, बाल्कनी खाली टेकू न देता बाहेर काढता येते, आणि छज्जा हवा तेवढा लांब ओढता येतो. आज आपण आपल्या स्लॅबच्या घरात हे सगळं गृहीत धरतो, पण 1930 च्या आसपास हे बघायला लोक थांबत असतील असं मला वाटतं. 1937 ला आर्किटेक्ट लोकांनी मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये आदर्श घराचं प्रदर्शन भरवलं होतं, नवं स्वयंपाकघर कसं, बाथरूम कसं, फर्निचर कसं, हे सगळं मांडून.

बघायचं काय ते सांगते. एक, छज्जा. खिडकीवर भुवईसारखा असतो म्हणून आर्किटेक्ट त्याला आयब्रो म्हणतात. युरोपातल्या थंड गावात त्याची एवढी गरज नाही, इथं ऊन आणि पाऊस दोन्ही अडवायचं काम तो करतो. दोन, आडव्या रेघा, बहुतेक तीन-तीनच्या जोडीनं, जणू बिल्डिंग पळतेय. तीन, बोटीची नक्कल. त्या काळात मोठ्या प्रवासी बोटींचं सगळ्या जगाला वेड होतं, म्हणून गोल खिडक्या, डेकसारखे आडव्या पाईपचे कठडे, गच्चीवर डोलकाठीसारखा खांब. चार, उगवता सूर्य, पायऱ्या-पायऱ्यांचं शिखर, गोठलेल्या कारंज्यासारखी नक्षी, हे गेटवर, ग्रिलमध्ये, गिलाव्यात कुठंही सापडेल. पाच, नाव. बिल्डिंगचं नाव मोठ्या अक्षरात, आणि प्रत्येकाचं अक्षर वेगळं. अक्षरं बघायला विसरू नका, माझ्या भाच्यानं नुसत्या अक्षरांचे फोटो काढले आणि तेच सगळ्यात भारी निघाले.

एवढं पाठ झालं की निघा.

सकाळ: सीएसएमटी ते ओव्हल

गाडीतून उतरलात ती बिल्डिंग आधी बाहेरून बघा. फ्रेडरिक स्टीव्हन्स या आर्किटेक्टनं केलेली, 1888 ला पूर्ण झालेली, 2004 पासून जागतिक वारसा यादीत आहे. इथं गॉथिक म्हणजे काय ते कळतं: कमानी, कळस, दगडात कोरलेली पानं, प्राणी. हे लक्षात ठेवा, कारण पुढं अर्ध्या तासात याच्या अगदी उलट बघायचंय. आणि एक गंमत आहे, याच स्टीव्हन्सच्या मुलानं, चार्ल्स स्टीव्हन्सनं, 1933 ला कुलाब्याचं रिगल थिएटर केलं, साफ सरळ रेषांचं, आर्ट डेको. एका घरात एका पिढीत एवढा बदल.

सीएसएमटीवरून दादाभाई नौरोजी रोडनं सरळ चाला, दोन्ही बाजूला दगडी बिल्डिंगींच्या खालून कमानीतला फूटपाथ आहे, सावलीतून जाता येतं. साधारण एक किलोमीटरवर हुतात्मा चौक. चालायचं नसेल तर आता भुयारी मेट्रो पण आहे, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट अशी लागून स्टेशनं आहेत, पण पायी जा की, हा रस्ता मेट्रोतून दिसत नाही.

हुतात्मा चौकात दोन मिनिटं थांबा. आपल्या सोलापूरकराला हुतात्मा शब्द म्हटलं की चार पुतळे आठवतात, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी. इथलं स्मारक संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं. पण मी तारखांचा विचार करते तेव्हा मला हे जाणवतं की आपल्याकडं मार्शल लॉ लागला त्याच दशकात इथं या नव्या बिल्डिंगी उभ्या राहात होत्या.

इथंच जवळ महात्मा गांधी रोडवर न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या विमा कंपनीची बिल्डिंग आहे, 1936 ची, मास्टर, साठे आणि भुता या भारतीय आर्किटेक्टांची. राहायचं घर नाही, ऑफिस आहे, पण चुकवू नका. समोरच्या भिंतीवर उंच उंच मूर्ती आहेत आणि खाली कोरलेल्या पट्ट्यांत आपली माणसं आहेत, शेतकरी, कुंभार, सूत कातणारी बाई. शिल्पकार एन. जी. पानसरे. परदेशी स्टाईल घेतली पण भिंतीवर ग्रीक देव नाही बसवले, कष्टकरी बसवले. माझ्या आजोबांचं आयुष्य मिलमध्ये गेलं, त्यामुळं त्या कातणाऱ्या बाईपुढं मी दरवेळी थोडी जास्त थांबते.

मग वीर नरिमन रोडनं पश्चिमेकडं. डावीकडं ओव्हल मैदान लागतं. मैदानाच्या मधून एक पायवाट आरपार जाते, त्यावर मधोमध जाऊन उभं राहा. सगळ्या वॉकमधली ही माझी सगळ्यात आवडती जागा.

पूर्वेकडं बघा: हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, सगळं 1870 च्या दशकातलं, दगडी, कळसांचं. पश्चिमेकडं बघा: क्रीम, पिवळ्या, फिक्या रंगाच्या चार-पाच मजली राहत्या बिल्डिंगींची सलग रांग, 1930 च्या दशकातली. मधे फक्त गवत आणि क्रिकेट खेळणारी पोरं. साठेक वर्षांचं अंतर तुम्ही मान वळवून बघता. 30 जून 2018 ला युनेस्कोनं मुंबईचा हा भाग यादीत घेतला तो याच जोडीसाठी, नावच मुळी व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको असं एकत्र आहे, 94 बिल्डिंगी त्यात येतात. एलिफंटा आणि सीएसएमटीनंतर मुंबईचं हे तिसरं.

आता राजाबाई टॉवरची एक गोष्ट, ही सांगितल्याशिवाय पुढं जायचं नाही. तो टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून झाला, आईच्या नावानं, 280 फूट. हे प्रेमचंद रायचंद म्हणजे कापसाचे राजे. अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत पैसा वाहायला लागला, आणि त्या पैशातून समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. त्यातल्याच बॅकबे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरचे भाव आभाळाला टेकले. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले, अख्खी मुंबई बुडाली, प्रेमचंद पण. म्हणजे तुम्ही ज्या जमिनीवरच्या बिल्डिंगी बघायला आलात, ती जमीन करायचा पहिला मोठा डाव कापसावर खेळला गेला. त्याच मुंबईच्या कापसाच्या धंद्यातले मोरारजी गोकुळदास यांनी 1877 ला आपल्या सोलापूरची जुनी मिल काढली, मुरारजी पेठ त्यांच्याच नावानं. मला हे कळल्यापासून ते मैदान परकं वाटत नाही.

मग जमीन झाली कशी? 1920 च्या दशकात गव्हर्नर लॉईडच्या काळात सरकारनंच पुन्हा काम काढलं, खर्च भरमसाट वाढला, भराव नीट बसेना, लोक त्याला लॉईडचा खुळेपणा म्हणायला लागले. खुर्शेद नरिमन या वकिलानं त्यातला घोळ उघडा पाडला, त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि ते सुटले. त्यांचंच नाव या रस्त्याला आणि नरिमन पॉइंटला. आठ ब्लॉक भरायचे ठरले होते, त्यातले सगळे काही झाले नाहीत. त्याआधी ओव्हलच्या पश्चिम कडेनं रेल्वेचे रूळ कुलाब्यापर्यंत जात होते आणि रुळांपलीकडं लगेच समुद्र. 1930 अखेर कुलाबा स्टेशन बंद झालं, चर्चगेट शेवटचं स्टेशन झालं, रूळ गेले आणि नव्या जमिनीवर प्लॉट पडले.

आता रांगेच्या समोरच्या फूटपाथवरून, म्हणजे मैदानाच्या कडेनं, सावकाश चाला. बिल्डिंगींच्या बाजूनं चाललात तर वरचं काही दिसत नाही, नवीन माणूस हीच चूक करतो. नावं वाचत चला: कोर्ट व्ह्यू, कारण समोर हायकोर्ट. ग्रीन फील्ड्स, कारण समोर हिरवळ. क्वीन्स कोर्ट, एम्प्रेस कोर्ट, रज्जब महल, शिव शांती भुवन. इंग्रज राणी, मुसलमान शेटजी, शंकर, सगळे शेजारी शेजारी. आपल्याकडं वारदांनी बांधलेलं इंद्रभुवन आहे, आत्ता महापालिकेचं, ते भुवन म्हणजे एका श्रीमंत माणसाचा वाडा, आणि इथलं भुवन म्हणजे एका जिन्यावर आठ-दहा कुटुंबं. तो काळ फ्लॅट नावाच्या गोष्टीचा होता, मुंबईच्या लोकांना ते पण नवीनच.

एम्प्रेस कोर्टपुढं थांबा. आर्किटेक्ट गजानन बाबुराव म्हात्रे, आपला मराठी माणूस, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला. मुंबईत त्यांनी खूप बिल्डिंगी केल्या आणि तरी आपल्यातल्या किती जणांना नाव माहितीय? कोपरा कसा वळवलाय, आडव्या रेघा कुठं थांबवल्यात आणि उभा पट्टा कुठं वर काढलाय, एवढंच नीट बघा. मी ड्राफ्टिंग शिकत होते तेव्हा आम्हाला परदेशी आर्किटेक्टांची चित्रं दाखवायचे, हे कुणी दाखवलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रांगेच्या उत्तर टोकाला, चर्चगेट स्टेशनसमोर, इरॉस थिएटर. 1938 चं, आर्किटेक्ट सोराबजी भेदवार. दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर लालसर दगड आणि क्रीम रंग, आणि वर पायऱ्या-पायऱ्यांनी चढत गेलेला गोल टॉवर. मधे काही वर्षं बंद होतं, 2024 ला नव्या मोठ्या पडद्यासकट पुन्हा सुरू झालं. सिनेमाचं तिकीट काढलंत तर आतला भाग पण बघायला मिळतो, या वॉकमध्ये आत शिरून बघता येईल अशी जागा हीच.

दुपार

अकरानंतर ओव्हलच्या रांगेवरचं ऊन सरकतं, तेव्हा आवरा. चर्चगेट स्टेशनात टॉयलेट आहे. जेवा, बसा, वाटलं तर कुलाब्याकडं जाऊन रिगल बघून या, नाहीतर जवळच्या वस्तुसंग्रहालयात दोन तास काढा. ब्रेबॉर्न स्टेडियमच्या इमारतीत के. रुस्तम म्हणून आईस्क्रीमचं जुनं दुकान आहे, दोन पातळ बिस्किटांमधे आईस्क्रीमची वडी ठेवून देतात, ते खायचंच. आत्यानं पुढच्या दोन ट्रिपा त्या आईस्क्रीमसाठी केल्या.

संध्याकाळ: मरीन ड्राईव्ह

चारनंतर वीर नरिमन रोडनं समुद्राकडं निघा. रस्ता संपतो त्या कोपऱ्यावर सूना महल आहे, 1937 ची, परत म्हात्रेच. रस्ता ओलांडून समुद्राच्या बाजूला जा आणि मग मागं वळा, सिग्नलवरनंच ओलांडा, गाड्या फार वेगात असतात. तिचा गोल कोपरा आणि वरचा छोटा बुरुज बघा, एखादी बोट बंदरात वळतेय असं वाटतं.

आता कट्ट्याच्या कडेनं उत्तरेकडं, चौपाटीच्या दिशेनं चाला. सगळा मरीन ड्राईव्ह साडेतीन किलोमीटरच्या थोडा वर आहे, पण बिल्डिंगींसाठी सूना महलपासून पुढचे दीड-दोन किलोमीटर पुरतात. कपूर महल, झवेर महल, केवल महल ही तिघं शेजारी शेजारी आहेत, एकाच घराण्यातली वाटतात. सगळ्यांची उंची जवळपास सारखी आहे ना, ते आपोआप नाही झालं, प्लॉट देताना सरकारनं उंची आणि रेषेचे नियम घातले होते. म्हणून रात्री दिवे लागले की ती माळ सलग दिसते, राणीचा हार म्हणतात तो. एकानं दोन मजले जास्त चढवले असते तर हार तुटला असता. मी रोज ऑफिसात एफएसआयची, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम चालेल त्याची भांडणं ऐकते, त्यामुळं हा मुद्दा मला फार मोठा वाटतो.

जुन्या सिनेमाची आवड असणाऱ्यांसाठी: नर्गिस शातो मरीनमध्ये राहायच्या आणि सुरैया कृष्णा महलमध्ये. आईला हे सांगितल्यावर तिनं बाकी सगळं सोडून त्या दोन बिल्डिंगींपुढं उभं राहून फोटो काढून घेतले.

आता डागडुजीकडं पण बघा, हे कुणी गाईड फारसं दाखवत नाही. खारी हवा काँक्रीटमध्ये शिरते, सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. छज्जाच्या कडेला तडा, लाल ओघळ दिसला तर समजा आत हेच चाललंय. त्यात भाडं कायद्यानं गोठलेलं, मालकाला दुरुस्ती परवडत नाही, मग बाल्कनी काचेनं बंद करा, एसीचा डबा बाहेर लटकवा, गोल कठड्याच्या जागी चौकोनी ग्रिल बसवा. मी कुणाला दोष देत नाही, राहणाऱ्याला जागा लागते. पण शेजारी शेजारी दोन बिल्डिंगी बघा, एक बाल्कनी उघडी असलेली आणि एक बंद केलेली, काय गेलं ते लगेच कळतं.

अमेरिकेत मायामी बीचला अशीच समुद्रकाठची आर्ट डेको वस्ती आहे, तिथल्या लोकांनी 1976 पासून चळवळ केली आणि 1979 ला अख्खा भाग सरकारच्या वारसा यादीत घ्यायला लावला. मुंबईत पण ओव्हलसाठी आणि युनेस्कोसाठी धडपड केली ती तिथल्या रहिवाशांनीच.

ऊन्हं उतरायला लागली की अर्धा तास एका जागी बसा, पण तोंड बिल्डिंगींकडं. सावल्या लांब होतात, आडव्या रेघा एकदम उठून येतात. मग सूर्य बुडताना वळा समुद्राकडं, तेवढा हक्क आहे आपला. कट्ट्याखाली चार पायांचे काँक्रीटचे मोठे ठोकळे आहेत ना, टेट्रापॉड, लाटेचा जोर मोडायला टाकलेले, त्यावर उतरू नका, पोरांना तर अजिबात उतरू देऊ नका. शेवाळ असतं, फटी खोल असतात आणि आत अडकलेला माणूस लवकर दिसत पण नाही.

वॉचमन, फोटो आणि लोकांची घरं

ही सगळी राहती घरं आहेत. गेटमधून आत जिन्याचा कठडा, फरशीची नक्षी दिसते आणि पाय आपोआप आत वळतो. मी पहिल्याच वेळी एका बिल्डिंगच्या जिन्यापर्यंत गेले होते, वॉचमन ओरडला, आणि त्याचं बरोबरच होतं. त्यानंतर मी नियम केला: आधी वॉचमनला नमस्कार, कुठून आलो ते सांगायचं, "काका, सोलापूरहून आलोय, नुसती फरशी बघायची होती हो" असं विचारायचं. बरेच जण नाही म्हणतात, तेव्हा मुकाट पुढं जायचं. एकदा एका काकांनी स्वतः गेट उघडून मोझॅकमधला सूर्य दाखवला, ते पंढरपूरकडचे निघाले.

फोटो रस्त्यावरून काढा, खिडकीत माणूस असेल तर नको. ड्रोन वगैरे विचार पण करू नका.

गाईड घ्यायचा का

पहिल्यांदा जात असाल तर घ्यावा असं माझं मत आहे. आर्ट डेको मुंबई ट्रस्ट ही संस्था या बिल्डिंगींची नोंद ठेवते, त्यांच्या साईटवर बिल्डिंगवार माहिती आणि फोटो आहेत, जायच्या आधी तासभर तेच वाचलं तरी खूप. शनिवार-रविवारी वेगवेगळे लोक वॉक घेतात. फी आणि वेळ त्यांच्याकडंच विचारा, आणि सोबत हे पण विचारा: बोलणार कुठल्या भाषेत, ग्रुपमध्ये किती माणसं, किती अंतर चालायचं, बसायला मधे जागा आहे का, वयस्कर माणसाला झेपेल का. वीसच्या वर माणसं असली तर मागच्याला काही ऐकू येत नाही, रस्त्यावर हॉर्न केवढे. बऱ्याच वॉक इंग्रजीत असतात, पण आपण सात-आठ जण मिळून आधी कळवलं तर मराठीत बोलणारा माणूस मिळायची शक्यता वाढते, मागायला लाजू नका. आणि गाईड फक्त ओव्हल करणार असेल तर संध्याकाळचा भाग हा लेख हातात धरून स्वतः करता येतो.

साडेआठपर्यंत मरीन ड्राईव्ह सोडा, चर्चगेटवरून सीएसएमटीला टॅक्सीनं किंवा मेट्रोनं या, क्लोक रूममधून बॅग घ्या, जेवा, गाडी लागली की बसा. सकाळी सोलापूर.

आणि पुढच्या रविवारी एक काम करा. आपल्याच जुन्या पेठांतून सकाळी आठला एक चक्कर मारा, मान वर करून. स्वातंत्र्याच्या आगेमागे बांधलेली घरं अजून आहेत, गेटच्या लोखंडात उगवता सूर्य आहे, गिलाव्यात तीन रेघा आहेत, गच्चीच्या कठड्यावर घराचं नाव आणि साल उठावात आहे. मी आत्तापर्यंत वहीत एकेचाळीस घरं उतरवलीत, त्यातली दोन गेल्या वर्षात पडली. तुमच्या गल्लीत असलं एखादं दिसलं तर समोरून, सकाळच्या उन्हात, सरळ उभं राहून फोटो काढून ठेवा, आणि घरात आजी-आजोबा असतील तर गवंडी कोण होता ते विचारून घ्या.